बेशुद्ध रुग्णाची जाणीव आणि मेंदूचा विद्युत्-आलेख

बेशुद्ध रुग्णाच्या उशाशी बसलेली माणसे डॉक्टरांना जे प्रश्न विचारतात, त्यांतील एक प्रश्न सर्वत्र सारखाच असतो : ‘आम्ही बोललेले ह्यांना ऐकू येते का ?’ प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देताना अनुभवी डॉक्टरही क्षणभर थबकतो. कारण दुसऱ्याच्या जाणिवेचे प्रत्यक्ष ज्ञान कोणालाच होत नाही. ते नेहमी अनुमानाने होते, आणि अनुमानाला लागणारे लिंग म्हणजे शरीराची हालचाल. बोलणे, पाहणे, मान डोलावणे हे सगळे स्नायूंचे व्यापार होत. जेथे स्नायूच मनाचे ऐकेनासे झाले आहेत, तेथे अनुमानाचा आधारच नाहीसा होतो.

जाणीव तपासण्याची रूढ रीत अशी. रुग्णाला मोठ्याने हाक मारावयाची, ‘माझा हात दाबा’ अशी आज्ञा करावयाची, आणि तो काय करतो ते पाहावयाचे. हात दाबला गेला, ‘सोडा’ म्हटल्यावर सुटला, आणि हे पुनःपुन्हा घडले, तर रुग्णाला ऐकू आले, अर्थ कळला आणि त्याने इच्छापूर्वक कृती केली, ह्या तिन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात. हात हलला नाही तर मात्र काय सिद्ध होते ? रुग्णाला जाणीव नसेल. किंवा त्याला ऐकूच आले नसेल. भाषेचे केंद्र दुखावल्यामुळे अर्थ कळला नसेल. सर्व कळूनही अर्धांगामुळे हात उचलता आला नसेल. अथवा त्या घटकेला तो केवळ झोपेत असेल. एका नकारामागे इतकी भिन्न कारणे संभवतात.

आपल्याकडील प्रमाणशास्त्राने ह्या अडचणीचा विचार फार पूर्वी केलेला आहे. भूतलावर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही, असे म्हणता येते. परंतु ते केव्हा? घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तेव्हा. अंधारात घट दिसला नाही, तर त्यावरून घटाचा अभाव सिद्ध होत नाही. ह्या अटीसह येणाऱ्या न दिसण्याला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानावे की नाही ह्याविषयी भाट्ट मीमांसक आणि नैयायिक ह्यांचा वाद असला, तरी योग्यतेची ही अट दोघांनाही मान्य आहे. बेशुद्ध रुग्णाच्या परीक्षेत नेमकी हीच अट वारंवार विसरली जाते. मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख, म्हणजे रुग्णालयीन भाषेतील ई. ई. जी., ह्या अंधारात दिवा नेण्याचे एक साधन आहे. त्या दिव्याचा उजेड कोठवर पोहोचतो हे नीट समजले नाही, तर मात्र जुनीच चूक अधिक शास्त्रीय वेशात परत येण्याचा धोका आहे.

प्रथम ‘शुद्ध हरपणे’ ह्या शब्दप्रयोगाची फोड करणे अवश्य आहे. व्यवहारात आपण जागे असणे आणि जाणीव असणे ह्यांत फारसा भेद करीत नाही, कारण निरोगी माणसात ही दोन्ही बहुधा बरोबरच येतात. मेंदूच्या आजारात ती एकमेकांपासून सुटी होऊ शकतात. जागृती राखण्याचे काम मुख्यतः मस्तिष्कस्तंभातील जालरूप रचनेचे आणि तिच्याशी निगडित केंद्रांचे आहे, हे मोरुत्सी आणि मॅगून ह्यांनी १९४९ साली मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले. जाणिवेचा आशय मात्र प्रमस्तिष्काचे बाह्यक आणि थॅलॅमस ह्यांच्यातील अखंड देवघेवीवर अवलंबून असतो. कोमात दोन्ही लोपतात : डोळे मिटलेले असतात आणि वेदनेनेही ते उघडत नाहीत. ही स्थिती सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. रुग्ण एकतर दगावतो, सुधारतो, किंवा त्याचे डोळे उघडतात. पण त्या उघड्या डोळ्यांमागे कोणी आहे असे भासत नाही. झोप व जाग ह्यांचे चक्र चालू, श्वास स्वतःचा, अधूनमधून जांभई, प्रसंगी कण्हणे. मात्र हेतुपूर्वक अशी एकही क्रिया नाही. ह्या स्थितीला जेनेट आणि प्लम ह्यांनी १९७२ साली ‘चिरस्थायी वनस्पतिवत् अवस्था’ असे नाव दिले. नाव फारसे सुखद नाही, आणि म्हणूनच पुढे ‘प्रतिसादविरहित जागृती’ असा पर्याय सुचविला गेला. तो अधिक प्रामाणिकही आहे, कारण त्यात निरीक्षकाला जे दिसते तेवढेच सांगितले आहे. रुग्णाच्या अंतरंगाविषयी निवाडा दिलेला नाही.

ह्यानंतरची पायरी म्हणजे ‘किमान जाणिवेची अवस्था’. तिच्या कसोट्या २००२ साली निश्चित झाल्या. असा रुग्ण हलत्या आरशामागे नजर फिरवितो, कधी आज्ञा पाळतो, कधी पाळीत नाही. सकाळी दिसलेली खूण दुपारी दिसेलच असा नेम नाही. ह्या सर्वांहून अगदी वेगळी स्थिती मस्तिष्कस्तंभाच्या पुढील भागाला इजा झाली असता उद्भवते. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. हातपाय व जीभ मात्र निश्चल, केवळ डोळे वरखाली करता येतात. प्लम आणि पोस्नर ह्यांनी १९६६ साली तिला दिलेल्या नावाचा आशय ‘आत कोंडला गेलेला’ असा आहे. डोळ्यांच्या त्या हालचालीकडे कोणाचे लक्ष गेले नाही, तर अशा माणसाला बेशुद्ध समजून त्याच्यादेखत त्याच्या मरणाची चर्चा होऊ शकते.

अशा चुका कितपत होतात ? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचार करणाऱ्या पथकाने एकमताने वनस्पतिवत् ठरविलेल्या ४४ रुग्णांची एका प्रमाणित मापनश्रेणीने फेरतपासणी केली गेली. त्यांतील १८ जणांत, म्हणजे शेकडा ४१ जणांत, जाणिवेच्या निश्चित खुणा आढळल्या. फेरतपासणीसाठी कोणतेही यंत्र वापरलेले नव्हते. केवळ पद्धतशीरपणे आणि धीराने पाहिले गेले होते. विद्युत्-आलेखाची थोरवी सांगण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात ठेवणे बरे.

आता आलेखाकडे वळू. प्राण्यांच्या मेंदूत विद्युत्-प्रवाह असतात हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन ह्यांनी १८७५ साली ससे आणि माकडे ह्यांच्या उघड्या मेंदूवरून दाखविले होते. मानवी मेंदूच्या लहरी प्रथम टिपल्या त्या जर्मनीतील येना येथील मानसरोगतज्ज्ञ हान्स बेर्गर ह्यांनी, १९२४ साली. ते प्रसिद्ध केले मात्र १९२९ मध्ये. मधली पाच वर्षे त्यांनी आपल्याच निष्कर्षावर शंका घेण्यात घालविली : ही लहर खरोखर मेंदूची, की कवटीवरील स्नायूंची, रक्तवाहिन्यांच्या ठोक्याची, की उपकरणाच्या दोषाची ? बेर्गर ह्यांचा मूळ हेतू काहीसा गूढ होता. तरुणपणी लष्करी सेवेत असताना एका अपघातातून ते थोडक्यात बचावले, आणि त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला अस्वस्थ वाटून घरून विचारपूस करणारी तार आली. त्यामुळे मनाची ऊर्जा एका व्यक्तीकडून दुसरीकडे पोहोचते काय, ह्याचा शोध घेण्याची ओढ त्यांना लागली. तो शोध लागला नाही. पण त्याच्या पाठीमागे जाताना हाती आलेले साधन आज जगातील प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आहे. त्यांच्या समकालीनांनी हे काम फारसे मनावर घेतले नाही. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज ह्यांनी त्याची पुष्टी केल्यानंतरच त्याला मान्यता मिळाली.

कवटीवर ठेवलेल्या विद्युत्-अग्रांना जे मिळते ते एकेका पेशीचे स्पंदन नव्हे. बाह्यकात लंबवत् उभ्या असलेल्या असंख्य पिरॅमिडसदृश पेशींच्या संधिस्थानी जे मंद विद्युत्-बदल घडतात, ते एकाच वेळी घडले तर त्यांची बेरीज होऊन हाड आणि त्वचा ओलांडण्याइतकी होते. तरीही कवटीवर तिचे मूल्य सामान्यतः १० ते १०० मायक्रोव्होल्ट एवढेच भरते. हृदयाचा आलेख मिलिव्होल्टच्या मापाचा असतो. त्याच्या तुलनेने ही कुजबुज आहे. अग्रांच्या जागा १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय ‘दहा-वीस’ पद्धतीने ठरवितात. नाकाचे मूळ आणि डोक्यामागील उंचवटा ह्यांमधील अंतराचे शेकडा दहा व वीस असे भाग पाडून त्या निश्चित केल्या जातात. लहरींचे वर्गीकरण कंप्रतेवरून होते : सेकंदाला ४ हून कमी आवर्तने त्या डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, त्याहून द्रुत त्या बीटा. निरोगी मनुष्य डोळे मिटून स्वस्थ बसला की डोक्याच्या मागील भागावर अल्फा लहरी उमटतात आणि डोळे उघडताच विरतात. बेर्गर ह्यांनीच नोंदलेली ही घटना वरवर क्षुल्लक वाटते; परंतु बेशुद्ध रुग्णाच्या आलेखात लहर कोणती आहे ह्याइतकेच, बाहेरून काही घडले असता ती बदलते की नाही, ह्याला महत्त्व आहे.

स्वस्थ पडून असलेल्या रुग्णाचा साधा आलेख पुष्कळ काही सांगतो, पण ते बहुतेक सर्व मेंदूच्या स्थितीविषयी असते, जाणिवेविषयी नव्हे. बेशुद्धी जसजशी गाढ होते तसतशा लहरी सामान्यतः मंद होत जातात. यकृत निकामी झाल्याने आलेल्या बेशुद्धीत तीन टप्प्यांच्या विशिष्ट लहरी दिसतात. मात्र त्या मूत्रपिंडाच्या व इतर चयापचयी विकारांतही आढळत असल्याने केवळ त्यांवरून यकृताला दोष देता येत नाही. काही सेकंद लहरींचा लोंढा व नंतर काही सेकंद जवळजवळ सपाट रेषा असा क्रम गाढ भूल किंवा मेंदूची गंभीर हानी दर्शवितो. ह्या दोहोंतील कोणती, हे आलेख एकटा सांगू शकत नाही. टाळी वाजविली, नाव घेऊन हाक मारली किंवा चिमटा काढला असता लहरी पालटत असतील, अथवा निद्रेतील चातीच्या आकाराच्या लहरी शाबूत असतील, तर ती आशेची चिन्हे समजतात. उलट, हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या काही रुग्णांत अल्फा कंप्रतेच्या लहरी डोकेभर पसरलेल्या आढळतात, पण कशानेही बदलत नाहीत. नवख्याला तो आलेख जाग्या माणसाचा वाटण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात रुग्ण गाढ कोमात असतो आणि त्याचे भवितव्य बहुधा वाईट असते.

साध्या आलेखाचा एक उपयोग मात्र असा आहे की त्याला पर्याय नाही. अपस्माराचा झटका म्हणजे हातपाय झाडणे, ही लोकांची आणि काही अंशी डॉक्टरांचीही समजूत आहे. झटका मेंदूत चालू राहूनही शरीर अगदी शांत असू शकते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बाहेरून झटक्याचे कोणतेही चिन्ह नसलेल्या २३६ कोमाग्रस्तांचा आलेख घेतला असता शेकडा ८ जणांत सतत चालू असलेला अपस्मार आढळला. ही बेशुद्धी औषधाने हटण्याची शक्यता असते. आलेख घेतलाच नाही, तर ती कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मेंदूमृत्यू आणि सपाट आलेख ह्यांविषयी येथे दोन शब्द लिहिणे जरूर आहे, कारण ह्या बाबतीत गैरसमज फार आहेत. १९६८ साली हार्वर्ड येथील समितीने ज्या कसोट्या मांडल्या त्यांत सपाट आलेखाला पुष्टीकारक पुरावा म्हणून स्थान दिले. पण त्याच वेळी शरीराचे तापमान अतिशय उतरलेले असणे आणि मज्जासंस्थेला मंद करणारी औषधे दिलेली असणे, हे दोन अपवादही सांगितले. गुंगीच्या औषधांची मोठी मात्रा पोटात गेलेल्या माणसाचा आलेख पूर्ण सपाट होऊन तो पुढे बरा होऊ शकतो. भारतातील १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मृत्यूची व्याख्या मस्तिष्कस्तंभाच्या कायमच्या क्रियालोपावर आधारली आहे. ठरलेल्या चाचण्या तज्ज्ञांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावयाच्या असतात. त्यांत विद्युत्-आलेख अनिवार्य नाही, आणि ते योग्यच आहे. कवटीवरील अग्रे बाह्यकाचे ऐकतात, मस्तिष्कस्तंभाचे नव्हे. वनस्पतिवत् अवस्थेतील रुग्ण ह्या व्याख्येने मृत नसतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९७३ पासून २०१५ पर्यंत सहकाऱ्यांच्या शुश्रूषेखाली राहिलेल्या परिचारिकेच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जो निकाल दिला, त्यात हा भेद स्पष्ट केलेला आहे.

ह्यापुढची पायरी म्हणजे मेंदूला एखादे उद्दीपक देऊन त्याचा प्रतिसाद मोजणे. एकच स्वर एकामागून एक ऐकवीत असता मध्येच एखादा वेगळा स्वर आला, तर सुमारे दीड ते दोन दशांश सेकंदात आलेखावर एक ऋण विचलन उमटते. लक्षपूर्वक ऐकणाऱ्यात त्यानंतर, सुमारे तीन दशांश सेकंदाला, एक धन विचलन येते. एका वेळच्या आलेखात ही विचलने पार्श्वभूमीच्या लहरींत बुडून जातात. म्हणून शेकडो वेळा उद्दीपक देऊन त्यांची सरासरी काढावी लागते. रुग्णाचे स्वतःचे नाव हे उद्दीपक विशेष प्रभावी ठरते. तथापि, ह्या प्रतिसादांवरून जाणिवेचा निष्कर्ष काढताना सावधगिरी हवी. निरोगी माणसाच्या गाढ झोपेतही स्वतःच्या नावाला मेंदू इतर नावांहून वेगळा प्रतिसाद देतो. सकाळी त्याला त्यातले काहीच आठवत नाही. मेंदूने भेद ओळखला आणि माणसाला तो जाणवला, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

खरे वळण आले ते आज्ञेची जुनीच परीक्षा स्नायूंना वगळून घेण्याची कल्पना सुचल्यावर. २००६ साली एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मोटार-अपघातानंतर पाच महिने वनस्पतिवत् अवस्थेत असलेल्या २३ वर्षांच्या तरुणीला चुंबकीय प्रतिमायंत्रात ठेवून दोन सूचना दिल्या : टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा, आपल्या घरातील खोल्यांतून हिंडत आहात अशी कल्पना करा. दोन्ही वेळी तिच्या मेंदूचे निरनिराळे भाग, निरोगी माणसात होतात त्याच जागी, कार्यान्वित झाले. शब्द ऐकून मेंदू आपोआप उद्दीपित झाला, हा आक्षेप येथे टिकत नाही, कारण ती क्रिया पुढची सूचना मिळेपर्यंत तीस सेकंद टिकून राहिली होती. २०१० साली अशा ५४ रुग्णांच्या अभ्यासात पाच जणांनी सूचनेनुसार मेंदूची क्रिया पालटली, आणि त्यांतील एकाने ‘होय’साठी एक कल्पना व ‘नाही’साठी दुसरी असा संकेत वापरून प्रश्नांची उत्तरेही दिली.

प्रतिमायंत्र प्रचंड, महाग आणि स्थिर. धातूचे रोपण असलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरील रुग्णाला त्यात नेणे जिकिरीचे. विद्युत्-आलेखाचे यंत्र मात्र खाटेपाशी आणता येते. हात हलविण्याची नुसती कल्पना केली तरी हाताच्या प्रेरक क्षेत्रावरील ठराविक लहरी क्षीण होतात, हे पूर्वीच ज्ञात होते. त्याचा उपयोग करून २०११ साली १६ वनस्पतिवत् रुग्णांवर एक प्रयोग झाला. स्वर ऐकू आला की कधी उजवी मूठ आवळल्याची, कधी पायाची बोटे हलविल्याची कल्पना करावयाची. मग संगणकाने केवळ आलेख पाहून दोहोंतील कोणती कल्पना चालू होती ते ओळखावयाचे. तीन रुग्णांत संगणकाची ओळख योगायोगाहून सरस ठरली असे संशोधकांनी जाहीर केले. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, अन्य एका गटाने तीच सामग्री पुन्हा तपासून तो निष्कर्ष टिकत नाही असे प्रतिपादन केले. त्यांचा मुख्य आक्षेप संख्याशास्त्रीय होता. एका सूचनेखालील प्रयत्न एका ओळीने घेतलेले असतात. एकाच मिनिटातील लहरी, रुग्णाने काहीही केले नाही तरी, परस्परांसारख्या असतात; दुसऱ्या मिनिटातील लहरी तंद्रीमुळे किंवा स्नायूंच्या ताणामुळे थोड्या निराळ्या असतात. संगणकाने हा मिनिटा-मिनिटांतील भेद शिकला तर तो मूठ आणि बोटे ह्यांतील भेद आहे असा आभास निर्माण होतो. मूळ संशोधकांनी ह्याला उत्तर दिले, आणि वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचण्याजोगे आहे. प्रयत्न परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीत धरणे, ही पाठ्यपुस्तकातील एक ओळ. येथे तिच्यावर एका माणसाची जाणीव मान्य करावयाची की नाही हे अवलंबून होते.

त्याच प्रयोगातील दुसरा आकडा तुलनेने दुर्लक्षित राहिला. वस्तुतः तोच अधिक बोलका आहे. तुलनेसाठी घेतलेल्या १२ निरोगी, पूर्ण शुद्धीवरील व्यक्तींपैकी ९ जणांतच यंत्राला आज्ञापालन ओळखता आले. उरलेले तिघे शुद्धीवर नव्हते काय ? ते शुद्धीवर होते. पण चाचणी त्यांच्या बाबतीत अंधळी होती.

त्यानंतरच्या दोन मोठ्या अभ्यासांनी ह्या क्षेत्राला स्थिर पाया दिला. न्यूयॉर्क येथे झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मेंदूला तीव्र इजा होऊन अतिदक्षता विभागात असलेल्या आणि तोंडी आज्ञांना कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या १०४ रुग्णांना ‘हात उघडत-मिटत राहा’ आणि ‘आता थांबा’ अशा सूचना आलेख चालू असताना ऐकविण्यात आल्या. इजेनंतर सरासरी चौथ्या दिवसाच्या सुमारास १६ जणांच्या आलेखात ह्या दोन सूचनांमधील भेद आढळला. त्या १६ पैकी ८ जण रुग्णालयातून बाहेर पडण्यापूर्वी आज्ञा पाळू लागले. ज्यांच्यात भेद आढळला नव्हता अशा ८८ जणांत ही संख्या २३ होती. वर्षाअखेर, दिवसातील किमान आठ तास स्वतःचे स्वतः पाहू शकण्याइतकी सुधारणा पहिल्या गटात १६ पैकी ७ आणि दुसऱ्यात ८४ पैकी १२ जणांत झालेली होती. ह्या आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी : आलेखाने ज्यांच्याविषयी काहीच सांगितले नाही, त्यांतीलही बारा माणसे इतकी सुधारली.

सहा केंद्रांचा एकत्रित अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात विद्युत्-आलेख, प्रतिमायंत्र किंवा दोन्ही वापरलेली होती. बाह्यतः आज्ञा न पाळणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने आज्ञा पाळली, म्हणजे चौघांत एकाने. वृत्तपत्रांनी एवढेच ठळक केले. परंतु त्याच अभ्यासात असे ११२ रुग्ण होते की जे खाटेपाशी हात हलवून किंवा डोळे मिटून आज्ञा पाळत होते, आणि त्यांच्यापैकी केवळ ४३ जण यंत्राच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. उरलेल्या ६९ जणांना जाणीव आहे ह्याविषयी शंकेला जागाच नव्हती, आणि यंत्र मात्र त्यांच्याविषयी गप्प राहिले. कित्येक मिनिटे एकाच कल्पनेवर लक्ष केंद्रित करणे हे दुखावलेल्या मेंदूला जड काम आहे. त्याशिवाय व्हेंटिलेटरची धडधड, घाम, पापण्यांची फडफड आणि शामक औषधे ह्यांचा गोंधळ आलेखावर असतोच. सकारात्मक निकाल हा म्हणून बळकट पुरावा होय. नकारात्मक निकाल म्हणजे अंधारात न दिसलेला घट.

रुग्णाकडून कसल्याही सहकार्याची अपेक्षा न करणारी एक निराळी पद्धत इटलीतील मिलान येथे मार्चेल्लो मास्सिमिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. डोक्याबाहेरून चुंबकीय धक्का देऊन बाह्यकाचा एक भाग उद्दीपित करावयाचा आणि त्याचा निनाद डोक्यावर कसा पसरतो ते आलेखावर पाहावयाचे. गाढ झोपेत किंवा भुलेखाली हा निनाद एकतर जागच्या जागी विरतो किंवा सर्वत्र एकसारखी लाट उठवून थांबतो. जागेपणी तो निरनिराळ्या भागांत निरनिराळे रूप घेत फिरतो. संगणकात माहिती दाबून साठविण्याची जी रीत आहे तीच ह्या आलेखाला लावली, तर जितका आलेख दाबता येत नाही तितकी त्याची संमिश्रता अधिक. तिचे मूल्य शून्य ते एक ह्यांमध्ये येते आणि ०.३१ ही सीमारेषा, आपला अनुभव सांगू शकणाऱ्या १५० व्यक्तींवरील मोजमापांतून ठरविली गेली. २०१६ साली किमान जाणिवेच्या ३८ रुग्णांपैकी ३६ जण ह्या रेषेच्या वर आढळले. वनस्पतिवत् ठरलेल्या ४३ पैकी ९ जणही वर आढळले. ह्या नऊ जणांविषयी काय म्हणावे, हे ठरविण्यास तूर्त कोणतीही तिसरी कसोटी नाही.

भारतीय रुग्णालयांच्या दृष्टीने विद्युत्-आलेखाला विशेष महत्त्व आहे, कारण प्रतिमायंत्राच्या मानाने तो स्वस्त आणि सुटसुटीत आहे. पण आज्ञेवर आधारलेली चाचणी येथे वापरताना एक गोष्ट परदेशी लेखांतून जशीच्या तशी उचलता येणार नाही : आज्ञेची भाषा. सोलापुरातील विडी-कामगार स्त्री घरी तेलुगू बोलत असेल, नंदुरबारचा शेतमजूर भिलीत बोलत असेल. प्रमाण मराठीत ध्वनिमुद्रित केलेली सूचना त्यांना शुद्धीवर असतानाही परकी वाटेल. ‘आपल्या उजव्या हाताची मूठ मिटावी’ आणि ‘उजवी मूठ मिट’ ह्यांत भाषाशास्त्रज्ञाला दिसतो त्याहून मोठा भेद दुखावलेल्या मेंदूला जाणवू शकेल. घरच्या भाषेत, परिचित आवाजात आणि अल्पाक्षरी वाक्यांत सूचना देण्यास खर्च जवळजवळ लागत नाही. नकारात्मक निकालाचे एक कारण त्यामुळे कमी होते.

निकाल कसा लिहावा, हा प्रश्न ह्या सर्वांतून उभा राहतो, आणि तो केवळ शब्दांचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली पूर्वलिखित वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची कार्यपद्धती सुलभ केली. कृत्रिम आधार काढून घेण्याचे निर्णय त्यामुळे उघडपणे आणि विचारपूर्वक घेता येतात, हे चांगलेच झाले. पण अशा निर्णयाच्या कागदांत जेव्हा ‘जाणीव नाही, आलेखाने सिद्ध’ असे वाक्य येते, तेव्हा आलेखाने जे सिद्ध केलेले नाही ते त्याच्या नावावर घातले जाते. शिवाय अशा भाकिताला स्वतःला खरे करून दाखविण्याची शक्ती असते. सुधारणा होणार नाही असे ठरवून आधार काढला की रुग्ण मरण पावतो, आणि तो आकडा पुढील अभ्यासात ‘सुधारणा झाली नाही’ ह्या रकान्यात जमा होतो. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली वनस्पतिवत् अवस्थेच्या मागील ‘कायम’ हे विशेषण सोडून ‘दीर्घकालीन’ असे म्हणावे अशी शिफारस केली, ती काही रुग्णांत उशिरा झालेली सुधारणा पाहूनच. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूत्रांनी ह्याहून पुढचे पाऊल टाकले : खाटेपाशी केलेली तपासणी, विद्युत्-आलेख आणि प्रतिमायंत्र ह्यांचे निकाल भिन्न आले, तर त्यांतील ज्याने जाणिवेची सर्वांत वरची पातळी दाखविली असेल तो प्रमाण धरावा. तिघांची सरासरी काढावयाची नाही, बहुमतही घ्यावयाचे नाही. तीन खिडक्यांपैकी एकीतून माणूस दिसला, तर घर रिकामे नाही.

तेव्हा अहवालात आलेख घेतल्याची तारीख व वेळ, त्या वेळी रक्तात असलेली शामक औषधे, रुग्णाचे तापमान, डोळे उघडे होते की मिटलेले, सूचना कोणत्या भाषेत व कोणाच्या आवाजात दिली, ह्या नोंदी असाव्यात, आणि निष्कर्षाच्या जागी ‘ह्या परीक्षेत आज्ञापालनाचा पुरावा आढळला नाही’ एवढेच लिहावे. शरीर व औषधे ह्यांची स्थिती पालटली की परीक्षा पुन्हा घ्यावी. खाटेपाशी केल्या जाणाऱ्या साध्या तपासणीच्या बाबतीतही, थोड्या दिवसांच्या अवधीत किमान पाच वेळा ती केल्यावाचून निदान निश्चित समजू नये, असे २०१७ सालच्या एका अभ्यासाने दाखविले आहे. बहुतेक रुग्णालयांत आलेख एकदाच निघतो, तोही दुपारी, तंत्रज्ञ मोकळा असेल त्या वेळी.